जुन्या टर्मिनसची मांडणी : कमान नंतर, आधी इंजिनघर कुठे आहे ते सांगा

रूळकर

मंडळी, नमस्कार.

मॉडेल रेल्वेचा नाद असलेले इथे बरेच जण आहेत हे माहीत आहे. निम्म्यांना तो कोथरूडच्या जोशींच्या म्युझियममध्ये लागला असणार, मलाही तिथेच लागला. आता घरातली एक अख्खी भिंत ताब्यात आली आहे. लांबी साडेतीन मीटर, फळीची रुंदी दोन फूट. परवानगी देणाऱ्यांची अट एवढीच की दिवाळीत पाहुणे आले तर फळी भिंतीला उभी करता आली पाहिजे.

विषय पक्का आहे : १८३० ते १८४० च्या दरम्यानचं इंग्लंडमधलं टर्मिनस, त्याच्या इंजिनघरासकट. प्रमाण एका फुटाला ४ मिमी.

गेले काही महिने जुने नकाशे बघतोय आणि माझं एक मत बनलंय. या स्टेशनांबद्दल बोलताना सगळे दर्शनी इमारतीबद्दल बोलतात. यूस्टनची डोरिक कमान, बर्मिंगहॅमचे आयोनिक खांब, वगैरे वगैरे. पण स्टेशनची मांडणी ठरायची ती इंजिन कुठपर्यंत येऊ शकतं आणि कुठे थांबतं यावर. इंजिनघराची जागा सापडली की बाकी नकाशा आपोआप उलगडतो. तीन उदाहरणं देतो.

लिव्हरपूलचं क्राउन स्ट्रीट, १८३०. इथे इंजिन स्टेशनात यायचंच नाही. जवळच्या एज हिलला, जमीन खोदून केलेल्या खोलगट जागेत ते डब्यांपासून सुटायचं, आणि तिथून डबे दोराने २९० यार्डांच्या बोगद्यातून वर स्टेशनात ओढले जायचे. जाताना उलट : ब्रेक सोडले की डबे उतारावरून आपसूक एज हिलला. दोर ओढणारी स्थिर वाफयंत्रं एज हिललाच होती, त्या प्रसिद्ध मूरिश (अरबी धाटणीच्या) कमानीच्या दोन बाजूंना. म्हणजे चित्रात शोभेची वाटणारी कमान खरी यंत्रघर होती.

लंडनचं यूस्टन, १८३७. इथेही तोच प्रकार, फक्त मोठ्या अंगाने. इंजिनं मैलभर वर कॅम्डनला. मधला चढ साधारण ७० ला १, म्हणजे ७० फुटांत १ फूट. कॅम्डनला जमिनीखाली प्रत्येकी ६० अश्वशक्तीची दोन यंत्रं आणि वर दोन उंच धुराडी. गाडी दोराने वर चढायची, उतरताना ब्रेकवाल्याच्या भरवशावर.

बर्मिंगहॅमचं कर्झन स्ट्रीट म्हणजे त्याच लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचं दुसरं टोक. इथे चढ नाही, म्हणून दोर नाही, म्हणून इंजिनघर स्टेशनाच्या आवारातच. सोळा बाजूंचं, मधोमध फिरती चकती (टर्नटेबल), चहूबाजूंनी इंजिनं उभी.

एकच कंपनी, सुमारे १८० किमीचा मार्ग, म्हणजे आपल्या पुणे-मुंबईएवढाच, आणि दोन टोकांना दोन तऱ्हा. यातलं कोणतं करावं? आणि केलं तर काय काय विसरू नये?

नाना_सदाशिव

साडेतीन मीटर भिंत आणि सदाशिव पेठेत? आधी फ्लॅटचा फोटो टाका, मग बाकीचं बोलू.

रूळकर

नाना, वारजे. पेठेत असतो तर उंचीत बांधलं असतं.

नकाशावाली

छान धागा. मी आर्किटेक्ट आहे, रेल्वेतलं फार कळत नाही, पण यूस्टनच्या आराखड्यावर कॉलेजात काम केलं होतं म्हणून लिहिते.

पहिल्या यूस्टनला फलाट फक्त दोन होते, प्रत्येकी ४२० फूट. एक सुटणाऱ्या गाड्यांचा, एक येणाऱ्यांचा. त्यांच्या मधल्या रुळांवर रिकामे डबे उभे असायचे. आपण आज 'कुठल्याही फलाटावर कुठलीही गाडी' असं धरून चालतो, तसं तेव्हा नव्हतं. जाणारी आणि येणारी माणसं पूर्ण वेगळी. सुटणाऱ्या बाजूला तिकीटघर आणि प्रतीक्षागृह, येणाऱ्या बाजूला फक्त घोडागाड्यांना उभं राहायला जागा. येणाऱ्याला स्टेशनात बसायचं काय कारण?

यामुळे एक काम रोजचं होऊन बसलं. आलेली गाडी येणाऱ्या फलाटावर आणि तिची पुढची खेप सुटणाऱ्या फलाटावरून. मग डबे एकीकडून दुसरीकडे न्यायचे कसे? सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जोडणी) बसवून तिरका रूळ टाकला तर जागा फार खातो. म्हणून रुळांना आडव्या ओळीत लहान लहान चकत्या बसवायच्या. डबे चारचाकी आणि हलके. चकतीवर एक डबा घ्यायचा, काटकोनात फिरवायचा, आडव्या रुळावरून ढकलायचा, पलीकडच्या चकतीवर परत फिरवायचा. माणसं किंवा घोडा, बस. तुमच्या मॉडेलात ही चकत्यांची ओळ नसेल तर ते १८३७ चं स्टेशन वाटणारच नाही, कमान कितीही हुबेहूब करा.

आणखी एक. यूस्टनची जागा मुळात दोन कंपन्यांसाठी धरली होती. पश्चिमेची अर्धी ग्रेट वेस्टर्नला द्यायची होती. ते आलेच नाहीत, पॅडिंग्टनला गेले. त्यामुळे सुरुवातीचं स्टेशन एका कुशीवर झोपल्यासारखं दिसतं. नकाशात ते असंतुलन दिसलं की 'चूक झाली' म्हणून सरळ करू नका.

भोरघाटी

वा ताई. आडव्या चकत्यांचं हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

रूळकर, दोरावरून एक मनात आलं. १८३७ मध्ये ७० ला १ चढ, तिथे दोर लावला. आपला भोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला, ३७ ला १, जवळपास दुप्पट उभा, पंचवीस बोगदे, एकूण १८३१ फूट चढ, आणि तिथे दोर नाही! खास घाटासाठी बनवलेली इंजिनं लावून गाडी चढवली. पंचवीसएक वर्षांत इंजिन किती बदललं ते यात दिसतं. आजही कर्जतला मागून बँकर लागतोच, पण तो इंजिनच आहे.

रूळकर

अगदी. आणि गंमत म्हणजे यूस्टनचा दोरसुद्धा १८४४ मध्ये काढलाच. तोवर इंजिनं तो चढ स्वतः ओढू लागली होती. कबूल करायला हवं की दोर सुरू व्हायच्या आधी, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतही इंजिनांनीच गाड्या चढवल्या होत्या. म्हणजे 'इंजिनाला जमायचंच नाही' असं नव्हतं. रोज, भरल्या गाडीनिशी, भरवशाने जमेल का, हा प्रश्न होता.

या दोराचा एक उपउद्योग सांगतो. खाली यूस्टनला गाडी तयार झाली हे मैलभर वर यंत्रवाल्याला कळणार कसं? म्हणून कूक आणि व्हीटस्टन यांनी जुलै १८३७ मध्ये त्यांच्या विजेच्या तारयंत्राचा प्रयोग याच तुकड्यावर करून दाखवला. कंपनीने बघितला, आणि हवेच्या नळीतून वाजणारी शिट्टी बसवली. तारयंत्र नाकारलं!

नाना_सदाशिव

कंपनी पुण्याची होती काय?

घोरपडीचे_काका

उशिरा वाचला धागा. वडील फायरमन होते, मी स्वतः शेडमध्ये फिटर म्हणून निवृत्त झालो. डिझेलवर आयुष्य गेलं, पण लहानपण वाफेच्या शेडच्या दाराशी. तुम्ही सगळे नकाशावरून बोलताय, मी खड्ड्यातून सांगतो.

इंजिनघर म्हणजे इंजिनाचं गॅरेज नव्हे, हे आधी डोक्यात घ्या. स्कूटर लावली आणि गेलो, असं वाफेच्या इंजिनाचं नसतं. ते आलं की आधी आग साफ करायची किंवा पाडायची. खाली राख पडायला खड्डा हवा. मग धुराड्याच्या पेटीतली काजळी फावड्याने काढायची. नळ्यांमधून लांब सळई घालून झाडायचं, नाहीतर वाफ धरत नाही. मग खाली उतरून बघायचं : स्प्रिंगा, पिना, ब्रेकचे दांडे, बेअरिंगचं तेल. उभं राहून हे दिसत नाही. माणूस खड्ड्यात उतरतो, डोक्यावर गरम लोखंड, मानेवर तेलाचे थेंब, आणि हातातल्या दिव्याच्या उजेडात एकेक पिन हाताने हलवून बघतो. सैल पिन डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. थंड इंजिन परत वाफेवर यायला काही तास लागतात, म्हणून रात्रीही कुणीतरी आग सांभाळत बसलेलं असायचं.

म्हणून मॉडेल करताना खड्डे विसरू नका. बाहेरून दिसत नाहीत म्हणून लोक सपाट जमीन दाखवतात.

दुसरं, टर्नटेबल. लहानपणी मी तासन्तास बघत बसायचो. इंजिन चकतीवर आलं की ड्रायव्हर ते इंचाइंचाने पुढे-मागे करायचा. का? वजन बरोब्बर मधल्या खुंट्यावर पडायला हवं. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीत, पाणी कमी असेल तर जागा बदलते. तोल साधला की चकतीची दोन्ही टोकं कडेच्या रुळावरून किंचित उचलल्यासारखी होतात, आणि मग एवढं मोठं धूड दोन माणसं दांडा धरून फिरवतात. तोल चुकला तर सहा जण लावले तरी हलत नाही.

नकाशावाली

काका, हे वाचून अंगावर काटा आला. कर्झन स्ट्रीटच्या उत्खननात नेमके हेच सापडलेत! २०२० मध्ये हायस्पीड टू या नव्या मार्गासाठी खणताना तिथे जुन्या इंजिनघराचा पाया मिळाला. बाहेरची भिंत, मधल्या टर्नटेबलचा पाया आणि त्याच्याभोवती आऱ्यांसारखे निघालेले, सुमारे ३ फूट खोल खड्डे. वरचं सगळं केव्हाच गेलं होतं. तुमचे खड्डे तेवढे उरले.

डबेवाला_नव्हे

जगातलं सगळ्यात जुनं गोल इंजिनघर डर्बीचं आहे ना? तिथे आता कॉलेज आहे.

रूळकर

डर्बी १८३९ चं. कर्झन स्ट्रीटचं १२ नोव्हेंबर १८३७ ला वापरात आलं, म्हणजे जवळपास दोन वर्षं आधी. दोन्हींच्या मागे रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनच. उभं असलेल्यांत जुनं म्हणाल तर डर्बीचा मान कायम आहे, कारण कर्झनचं १८६० पर्यंत पाडूनही झालं होतं. १८५४ मध्ये प्रवासी गाड्या न्यू स्ट्रीटला गेल्या, कर्झन स्ट्रीट मालधक्का झाला आणि इंजिनघराची जागा मालाने घेतली.

यात मला एक उलटापालट फार आवडते. दोन्ही टोकांच्या दर्शनी इमारती वास्तुकार फिलिप हार्डविकच्या. लंडनची कमान १९६१-६२ मध्ये पाडली, पण कॅम्डनचं १८४७ मधलं गोल इंजिनघर अजून उभं आहे, तिथे गाण्यांचे कार्यक्रम होतात. बर्मिंगहॅमला खांबांची इमारत शाबूत, इंजिनघर जमिनीखाली. एका गावाने दार ठेवलं, दुसऱ्याने शेड.

भोरघाटी

पण गोलच का? आपल्याकडे शेड म्हटलं की लांबट, समांतर रुळांची. गोल शेड मी तरी पाहिलेली नाही.

घोरपडीचे_काका

चांगला प्रश्न. लांबट शेड म्हणजे वाड्याच्या बोळातलं पार्किंग. सगळ्यात आत ज्याची गाडी, त्याला सकाळी सगळ्यांना उठवून गाड्या काढायला लावाव्या लागतात. गोलात ही कटकट नाही. चकतीवरून कुठलंही इंजिन केव्हाही बाहेर. शिवाय तोंड फिरवण्याचं कामही तिथेच होतं. टेंडर पुढे करून इंजिन पळवणं ड्रायव्हरला नको असायचं. समोरचं नीट दिसत नाही, वारा आणि कोळशाची धूळ तोंडावर.

तोटा एकच, पण मोठा. मधली चकती अडकली की सगळी इंजिनं आत कोंडली. एकही बाहेर येत नाही. एखादं इंजिन तोल चुकून चकतीच्या खड्ड्यात चाक घालून बसलं तर त्या दिवशीचं वेळापत्रक विसरा.

रूळकर

आणि दुसरा तोटा, जो त्या काळात कुणाला दिसला नसावा : गोल वाढवता येत नाही. लांबट शेडला मागे भर घालता येते. गोलात चकतीचा व्यास आणि इंजिन उभं राहायच्या खोलीची लांबी एकदा ठरली की ठरली. लंडन-बर्मिंगहॅमवर एडवर्ड बरीची लहान चारचाकी इंजिनं होती. तेवढ्यासाठी गोल घर उत्तम. इंजिनं लांब होत गेली आणि घर तेवढंच राहिलं. कॅम्डनचं एवढं १६० फूट व्यासाचं, २४ ओतीव लोखंडी खांबांचं घर, तेसुद्धा दहाएक वर्षांत मुख्य इंजिनांना अपुरं पडू लागलं आणि पुढे जिनच्या व्यापाऱ्यांचं गोदाम झालं.

नाना_सदाशिव

आता पडदे उघडतो. इंग्लंड इंग्लंड काय लावलंय? पुण्याचं का नाही करत? आपलं स्टेशनही एकेकाळी टर्मिनसच होतं.

भोरघाटी

नाना बरोबर बोलताहेत, आणि ती गोष्ट बऱ्याच पुणेकरांना ठाऊक नाही. खंडाळा ते पुणे मार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात तो पुढे डिकसळपर्यंत गेला. म्हणजे पूर्वेचं टोक म्हणून पुणे जेमतेम सहा महिने. पण खरी मजा पश्चिमेला. खाली रेल्वे खोपोलीपर्यंत, १८५६ पासून. वर खंडाळ्यापासून. मधे घाट, रूळ नाहीत. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला परत गाडीत. हे १८६३ पर्यंत चाललं.

म्हणजे ती पाच वर्षं घाटावरची रेल्वे खालच्या रेल्वेपासून तुटलेली. खालून इंजिन रुळावरून येऊच शकत नव्हतं. जी काही इंजिनं होती ती रस्त्याने घाट चढवून आणलेली, आणि बिघडली तर दुरुस्ती वरच. रूळकर, तुमच्या मताला यापेक्षा चांगला पुरावा नाही. अशा तुटक मार्गावर इंजिनघर हेच सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण.

रूळकर

मान्य. पण पुणे त्या अर्थाने टर्मिनस म्हणून आखलेलंच नव्हतं. मार्ग पुढे सोलापूरकडे जायचाच होता, १८६० मध्ये गेलाही. त्यामुळे मांडणी आरपार जाणाऱ्या स्टेशनाची. आत्ताची इमारत तर १९२५ ची. मला बफरला (रुळाच्या टोकाच्या अडसराला) धडकून संपणारा रूळ हवाय.

भोरघाटी

मग घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन करा! गाडी चढून आंधळ्या टोकाला यायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर जायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला तोवर हेच चालू होतं. टोकही आहे, इंजिन फिरवणंही आहे.

रूळकर

मोह होतोय. पण दोन फुटांत सह्याद्री बसणार नाही. तो कुणीतरी टेकडीवरचा बंगलेवाला करेल.

इंजिनवाली_मुलगी

एक बाळबोध शंका. बफरला धडकून संपणाऱ्या रुळावर गाडी आली की इंजिन पुढे अडकतं ना? मग बाहेर कसं काढायचं?

रूळकर

बाळबोध अजिबात नाही, सगळी मांडणी याच प्रश्नाभोवती फिरते. उत्तरं तीन. टोकाशी शेजारच्या रुळावर जायला सांधा किंवा चकती ठेवायची, म्हणजे इंजिन सुटून बाजूने मागे येतं. किंवा दुसऱ्या इंजिनाने डबे मागून ओढून काढायचे, मग पहिलं मोकळं. किंवा इंजिनाला आत घ्यायचंच नाही : बाहेर सोडायचं, डबे दोराने, घोड्याने किंवा माणसांनी आत. क्राउन स्ट्रीट आणि यूस्टनने तिसरं उत्तर निवडलं, म्हणून तिथे फलाटाजवळ इंजिनाची काहीच सोय नाही. कर्झन स्ट्रीटला इंजिन आत येत होतं, म्हणून चकती, पाणी, कोक सगळं हाकेच्या अंतरावर.

इंजिनवाली_मुलगी

कोक?

रूळकर

दगडी कोळसा नव्हे. इंजिनांनी आपला धूर आपणच जाळावा अशी कायद्याची अट होती, म्हणून कोक जाळायचे. मॉडेलात ढीग काळाकुट्ट करू नका, राखाडीकडे झुकणारा करा.

नकाशावाली

मापं मोजलीत का? ४ मिमीने यूस्टनचा फलाट १.६८ मीटर. बसतो. पण कॅम्डनपर्यंतचा मैल २१ मीटर होतो.

रूळकर

मोजली. क्राउन स्ट्रीटचा नुसता बोगदा ३.४८ मीटर, म्हणजे माझी अख्खी भिंत आणि वर दोन सेंटीमीटर मोकळी हवा. कॅम्डनचं गोल घर ६४ सेंटीमीटर, ते दोन फुटांच्या फळीबाहेर लोंबकळेल. सगळ्या बाजूंनी विचार करता कर्झन स्ट्रीटच. डावीकडे हार्डविकची इमारत, मग दोन फलाट आणि मधले डबे, चकत्यांची आडवी ओळ, आणि उजवीकडे सोळा बाजूंचं घर, छप्पर अर्धं उघडं ठेवून, म्हणजे काकांचे खड्डे दिसतील.

घोरपडीचे_काका

बरोबर निवडलंत. क्रम पाळा : इंजिन आलं की आधी कोक, मग पाणी, मग आग पाडायचा खड्डा, मग चकती, मग आपली खोली. आग साफ केल्याशिवाय छपराखाली कुणी नेत नसे, आणि राखेचा खड्डा घरापासून जरा बाजूला असतो. हा क्रम उलटा झाला तर बघणाऱ्या रेल्वेवाल्याला लगेच खटकेल.

रूळकर

लिहून घेतलं काका. एक शेवटचं विचारतो : चकती फिरवायला एकदम संथ मोटर हवी. तपकीर गल्लीत गिअरवाली मिळेल ना? कोणी घेतली आहे का, किती व्होल्टची?

भोरघाटी

मिळते. १२ व्होल्टची घ्या, मिनिटाला एक-दोन फेऱ्यांची. वेगाची घेतलीत तर इंजिन भिंतीवर जाईल.

घोरपडीचे_काका

मोटर कशाला? खाली दांडा ठेवा आणि हाताने फिरवा. तोल साधला असेल तर एका बोटाने फिरते. नाही फिरली तर मोटरने तरी काय होणार आहे, खुंटा नीट बसवा आधी.